टॉवेलाखालचा हात

साळवे बाईंच्या क्लासमध्ये प्रत्येक मशीनला एक टॉवेल होता. पातळ, निळ्या पट्ट्यांचा, चिमट्यांनी मशीनच्या माथ्याला अडकवलेला. आपण कागद चढवून बसलो की बाई मागून येत आणि तो टॉवेल पुढे ओढून आपल्या दोन्ही हातांवर पांघरत. मग बोटं दिसत नसत आणि अक्षरंही दिसत नसत.

“खाली बघू नको. खाली काय ठेवलंय?” हे त्यांचं रोजचं पहिलं वाक्य होतं.

मला खाली बघायची सवय होती, आणि ती टायपिंगपुरतीच नव्हती.

क्लास औरंगपुऱ्यात, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर होता. लाकडी जिना, जिन्याच्या तोंडाशी कायम कुणाची तरी स्कूटर, वर एकच लांबट खोली आणि तिच्यात भिंतीकडे तोंड करून मांडलेली टाइपरायटरं. परीक्षा आता कॉम्प्युटरवर होणार अशी बोलवा तेव्हा सुरू झाली होती, पण जुन्या मशीनवरच्या परीक्षा अजून चालू होत्या. मी बी.ए. होऊन घरी बसले होते. सरकारी जाहिरातींत मराठी टायपिंगचं सर्टिफिकेट मागत, आणि माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. मराठी बोलता येई, लिहिताना अडखळायला होई. पहिल्या दिवशी बाईंनी शाळेचं नाव विचारलं. मी सांगितलं.

“म्हणजे कॉन्व्हेंट,” त्या म्हणाल्या. त्यानंतर क्लासमध्ये मला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

मी त्यांना मॅडम म्हटलं, तर म्हणाल्या, “मॅडम खाली हाय, भांडेवाल्याची बायको. मी बाई.”

बाई ठेंगण्या होत्या, पण त्यांचा आवाज जिन्याच्या तळापर्यंत जाई. सुती साडीखाली त्या पांढरे कॅनव्हासचे बूट घालत. घड्याळ उजव्या मनगटावर, काच आतल्या बाजूला. मशीनवर आपली बोटं जिथे टेकवून सुरुवात करायची त्या मधल्या ओळीला त्या ‘घर’ म्हणत. वरच्या ओळीला जा, खालच्या ओळीला जा, पण जाऊन परत घरी या. दिवसभर खोलीत तेच चाले. “बोटं घरी. ए वैशाली, करंगळी कुठं फिरायली तुझी? घरी आण तिला.”

दुपारी त्या क्लासमध्येच जेवत. डबा उघडला की भाकरीचा तुकडा मोडून हातात धरत आणि खाण्याआधी थोडा वेळ नुसत्या त्याच्याकडे बघत. मुली हसत. “बाई, भाकरीत काय दिसतं तुम्हाला?”

“भाकरच दिसती. तुम्हाला भाकरीत मोबाईल दिसतो.”

बाई ध्यान करतात, हे सगळ्यांना माहीत होतं. दर रविवारी सकाळी त्या आपल्या वस्तीतल्या विहारात लोकांना ध्यानाला बसवत. ध्यान करणारं माणूस हळू बोलतं, हळू चालतं, अशी माझी समजूत होती. शाळेतल्या सिस्टर तशा होत्या. बाई रिक्षावाल्याशी भांडत, रिबिनीच्या दुकानदाराशी भांडत, वीज गेली की थेट खांबाकडे बघून बोलत. त्यांच्या रागाची फक्त पद्धत वेगळी होती.

एकदा भांडेवाल्या शेठने आपली स्कूटर जिन्यात अशी लावली की वर येणाऱ्या प्रत्येक मुलीला भिंतीला अंग घासत यावं लागे. आधी सांगून झालं होतं. त्या दिवशी बाई खाली उतरल्या आणि दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. आम्ही जिन्यातून बघत होतो.

“शेठ, थांबा जरा,” बाई म्हणाल्या. “राग यायलाय मला. येऊ द्या आधी.”

शेठ तपेलं पुसत होते, ते तसंच हातात राहिलं. बाई डोळे उघडे ठेवून उभ्या होत्या. त्यांचं नाक फुललं होतं, मान लाल झाली होती. गिऱ्हाईक थांबलं, पोऱ्या थांबला. असं कुणी कुणाचा राग यायची वाट बघत उभं राहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

“आला,” बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “गेला. आता स्कूटर काढा.”

शेठने स्कूटर काढली. नंतर ते लोकांना सांगत, “शिव्या दिल्या असत्या तर मी पण दिल्या असत्या. हे काय भलतंच! माणसानं करावं काय?”

माझी अडचण अशी होती की एकटी असले की माझा हात बऱ्यापैकी चाले, पण मागे कुणी येऊन उभं राहिलं की बोटं जागच्या जागी थांबत. उतारा समोर, अक्षरं पाठ, आणि बोटं टॉवेलाखाली गप्प. परीक्षेत तर सुपरवायझर मागूनच फिरणार. बाईंनी हे काही दिवस बघितलं आणि एकदा माझा टॉवेल वर उचलून म्हणाल्या, “बोटं चांगली हायत तुझी. घोळ मागच्या माणसाचा हाय. रविवारी ये, विहारात.”

घरी सांगितलं तेव्हा आई शेंगा मोडत होती.

“रविवारी कसलं टायपिंग?”

“टायपिंग नाही, ध्यान आहे.”

“कुठं?”

मी वस्तीचं नाव सांगितलं. आईने बऱ्याच शेंगा मोडल्या.

“घरी बसून होत नाय का ते?”

वडील चिकलठाण्याला कंपनीत होते. सुट्टीच्या दिवशी ते पेपर आडवा धरून त्याच्याआडून संसारात भाग घेत. “जाऊ दे की,” पेपर म्हणाला. “गप बसायचंच तर शिकवत्यात.”

“आणि ही आधीच लई बोलती का!”

पण मी गेले. आईने कशामुळे विचारलं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विहाराच्या दारात बाईंनी मात्र विचारलं, “घरी सांगून आलीस?”

“हो.”

“काय म्हणले?”

“काही नाही.”

“म्हणजे बरंच म्हणले,” बाई म्हणाल्या आणि मला सतरंजीवर कुठे बसायचं ते दाखवलं.

विहार म्हणजे एक मोठी खोली होती. लेण्यांचा डोंगर तिच्या मागच्या खिडकीतून दिसे. पुढे बुद्धाची मूर्ती, बाजूला तसबीर, दोन्हींना ताजे हार. बायका आणि पुरुष पांढऱ्या कपड्यांत, कुणी रिटायर, कुणी कामावर जायच्या आधी आलेलं. विहाराच्या कमिटीचे सेक्रेटरी म्हस्के साहेब बँकेतून रिटायर झाले होते. किल्ल्या, माइक आणि चपलांच्या रांगा हे त्यांचं खातं. आधी सगळ्यांनी मिळून त्रिशरण आणि पंचशील म्हटलं. मला ते येत नव्हतं, मी ओठ मिटून बसले. मग बाई मूर्तीच्या एका अंगाला, आमच्याकडे तोंड करून बसल्या.

त्यांच्यापुढे लाकडाच्या ठोकळ्यावर बसवलेली एक छोटी घंटी होती. ती मी लगेच ओळखली. टाइपरायटरची ओळ संपत आली की आत टिंग होतं, ती घंटी. एक मशीन दुरुस्तीपलीकडे गेलं तेव्हा बाईंनी ती शकीलभाईंकडून काढून घेतली होती. शकीलभाई क्लासच्या मशीनचे मेस्त्री. ते म्हणत, “बाई घंटी निकाल के ले गये, मशीन गूंगा हो गया बिचारा.”

बाईंनी पेन्सिलीने घंटी वाजवली. टिंग.

आणि सतरंजीवरचे सात-आठ डावे हात एकदम वर उठले.

हे सगळे त्यांचे जुने विद्यार्थी होते. घंटी झाली की डाव्या हाताने दांडी ढकलून कागद पुन्हा ओळीच्या सुरुवातीला आणायचा, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की मिटल्या डोळ्यांनी, मूर्तीपुढे, त्यांनी हवेतच दांडी ढकलली. कुणी कोर्टात क्लार्क होतं, कुणी जिल्हा परिषदेत. हात खाली गेले. माझाही गेला.

“रोजचंच हाय,” बाई म्हणाल्या. “हात उठला हे कळलं ना? बास. आता श्वास.”

ध्यान शिकवायला त्यांच्याकडे वेगळी भाषा नव्हती. “आत आला, कळलं पाहिजे. बाहेर गेला, कळलं पाहिजे. लांब असंल तर लांब, आखूड असंल तर आखूड, आपण दुरुस्ती करायची नाय. मन गेलं का बाजारात? जाऊ द्या. शिव्या देऊ नका त्याला. घरी आणा.” मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, “काय धरून बसलाव? सोडा. खांदे सोडा. जबडा सोडा.”

मला तिथे शांती मिळाली असं मी म्हणणार नाही. एवढंच झालं की मागे कुणी उभं राहिलं की आधी माझी मान गरम होते, मग श्वास अडकतो आणि मग बोटं थांबतात, हे मला कळू लागलं. पूर्वी नुसती बोटं थांबायची.

बाई स्वतः ध्यानाला कशा लागल्या हे त्यांनी एकदाच सांगितलं, शकीलभाई मशीन उघडून बसले होते आणि चहा आला होता तेव्हा. तरुणपणी त्यांना झोप नसे. दिवसभर उतारे, आणि पडलं की डोक्यात उतारे. कुणीतरी शिबिराला पाठवलं. तिथे बोलायचं नाही, लिहायचं नाही, खुणासुद्धा करायच्या नाहीत.

“मी बोलले नाय कुणाशी,” बाई म्हणाल्या. “पण मांडीवर टाईप करायची. शालीखाली. डोक्यात जे येईल ते. जेवण आळणी हाय. शेजारची घोरती. हा गुरुजी स्वतःला काय समजतो. सगळं टाईप. तोंडाचं मौन सांगितलंतं, बोटांचं कुठं सांगितलंतं?”

“पकडे नै गये?” शकीलभाईंनी विचारलं.

“पकडले की. गुरुजी येऊन बसले समोर. म्हणले, ताई, पत्र कुणाला चाललंय? मला रडूच आलं. म्हणलं, कुणालाच नाय हो. मग म्हणले, बोटांकडं बघा, थांबवू नका. बघत बसले. एक दिवस दुपारी बघते तर बोटं गप. थांबवली नाय मी. आपली आपण घरी आली होती.” बाईंनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. “तेव्हापास्नं हे हात माझे झाले.”

ते हात मी नीट पाहिले होते. रुंद, बोटांची टोकं चपटी. काम नसलं की ते जिथे ठेवले तिथे असत.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बाईंनी नमुना म्हणून टाईप करून दिलेल्या कागदांवर मला काही अक्षरं दुहेरी दिसू लागली. एकदा ठळक आणि लगेच त्याला चिकटून एकदा फिकट, अक्षराला सावली असावी तशी. फक्त उजव्या हाताची अक्षरं. बाईंनी मशीन बदललं. तिथेही तेच. शकीलभाई आले, त्यांनी मशीन खोललं, तेल दिलं, स्प्रिंग बदलली. पुढच्या आठवड्यात बाईंनी पुन्हा बोलावलं.

“शकीलभाई, नीट बघा. अक्षर दोनदा पडायलंय.”

शकीलभाईंनी उभ्या उभ्याच एक ओळ मारली. अक्षरं एकेरी आली. “मेरे से तो एकीच पडरा, बाई.”

“माझ्यानं दोनदा पडतंय.”

“मारो तुम.”

बाईंनी हात मशीनवर नेला. बोटं घरी टेकली. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर हळूहळू घासत होती, वात वळावी तशी. बाईंनी अक्षर मारलं नाही. हात मागे घेतला आणि डाव्या हातात धरला.

शकीलभाईंनी पाने-स्क्रूड्रायव्हर पिशवीत भरले. “मशीन रैता तो मैं घर ले जाके बनाके लाता, बाई,” ते म्हणाले. मी टॉवेलाखाली टाईप करत राहिले. काय टाईप केलं ते नंतर वाचता आलं नाही.

त्यानंतर बाई नमुना काढून दाखवायला आमच्यातल्याच कुणाला तरी बसवू लागल्या. घड्याळ उजव्या मनगटावरून डाव्यावर गेलं. भाकरीचा तुकडा हातात धरून बघणं बंद झालं, मोडला की लगेच तोंडात. आणि रविवारी विहारात बसताना त्या मांडीवर एक टॉवेल घेऊ लागल्या, क्लासमधलाच, निळ्या पट्ट्यांचा. लोकांना वाटलं, थंडी आहे.

उन्हाळा आला तरी टॉवेल होता.

ध्यानाला बसलेल्या माणसांचे डोळे मिटलेले असतात, म्हणून कुणाला काही दिसत नव्हतं. मला पूर्णपणे डोळे मिटणं कधीच जमलं नाही. मी पापण्यांच्या फटीतून बघत असे. बाई म्हणत, “काय धरून बसलाव? सोडा,” आणि टॉवेलाच्या कडेतून दिसे की त्यांच्या डाव्या मुठीत उजवा हात घट्ट धरलेला आहे. टॉवेल तरीही हले, आमची बोटं चालू असताना हलायचा तसा. त्यांच्या कपाळावर घाम असे. शेवटची घंटीही त्या आता डाव्या हाताने वाजवत.

एका रविवारी त्यांचे डोळे उघडले आणि मी बघतेय हे त्यांनी पाहिलं. नंतर बाहेर, चपलांपाशी, त्या माझ्याजवळ येऊन थांबल्या.

“दिसलं ना?”

“हो.”

“कुणाला बोललीस?”

“नाही.”

“तू कशाला बोलतीस,” त्या म्हणाल्या. मग बूट घालायला पायरीवर बसल्या. नाडी बांधायला वेळ लागत होता. मी मदत केली नाही, त्यांना ते आवडलं नसतं. “इतकी वर्षं बसले मी, कॉन्व्हेंट. लोकांना म्हणले, अंगाकडं बघा, मन शांत होतं, मन शांत झालं की अंग शांत होतं. आता माझंच अंग हे असं. लोक विचारतील, बाई, मग तुम्ही काय केलं एवढे दिवस? काय सांगू? म्हस्के साहेबाला सांगता येईल कायतरी. पण मलाच वाटायलंय. म्हणजे सगळं खोटंच होतं का?”

मी म्हटलं, “डॉक्टरकडे गेलात का?”

“डॉक्टरकडं गेलं की त्याचं नाव कळतं,” बाई म्हणाल्या आणि उठल्या.

आषाढी पौर्णिमेपासून विहारात पावसाळ्यातल्या तीन महिन्यांचा वर्षावास सुरू झाला. त्या महिन्यांत गर्दी वाढते, नवीन लोक येतात. म्हस्के साहेबांनी एक मोठा स्पीकर आणला होता, ध्यानाच्या सूचना त्याच्यात भरून मिळतात म्हणे. तो खोक्यातच होता. पुढच्या रविवारपासून तो लावायचा आणि बाईंनी आराम करायचा, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनीही काहीतरी पाहिलं असणार. ते वाईट माणूस नव्हते. बाईंनी त्यांच्या दोन्ही मुलींना टायपिंग शिकवलं होतं आणि ते बाईंशी कधी एकेरीत बोलले नव्हते.

त्या रविवारी पंचशील झालं, बाई टॉवेल घेऊन बसल्या. अगदी पुढे अनुसया आजी होत्या, फुलंब्रीकडच्या, लेकीकडे राहायला आलेल्या. त्यांना डोळे मिटायचे असतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

“बाई,” त्या मोठ्याने म्हणाल्या, “थंडी वाजायली का वो? हात लई हलायलाय तुमचा.”

सगळ्यांचे डोळे उघडले.

“आजी, गप बसा,” म्हस्के साहेब म्हणाले, आणि बाईंकडे वाकून हळू आवाजात बोलले. पण त्यांच्या हातातला माइक चालू होता. त्यामुळे ते सगळ्या विहाराला ऐकू आलं. “बाई, मी म्हणतच होतो तुम्हाला. नवीन लोक आलेत. शिकवणाऱ्याचाच हात असा, तर ध्यानाबद्दल काय वाटंल त्यांना? तुम्ही आता मागं बसा.”

आपला आवाज भिंतीवरून परत आलेला ऐकून ते दचकले. त्यांना माइकचं बटण सापडेना.

बाई उठतील असं मला वाटलं. त्या उठल्या नाहीत.

“थांबा म्हस्के साहेब,” त्या म्हणाल्या. “भीती यायलीय मला. येऊ द्या आधी.”

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी गाडीला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. बाईंची मान लाल झाली नाही, चेहरा उतरत गेला. त्यांचा श्वास दिसत होता. आखूड होता. त्यांनी तो दुरुस्त केला नाही.

“आली,” त्या म्हणाल्या.

आम्ही पुढच्या शब्दाची वाट बघत होतो. तो शब्द आला नाही. त्यांनी मांडीवरचा टॉवेल काढला. त्याची घडी घालायला त्यांना खूप वेळ लागला, कोपरे जुळत नव्हते. घडी बाजूला ठेवली आणि उजवा हात गुडघ्यावर उताणा ठेवला. हात सुटल्यासारखा हलू लागला.

“ह्याला मी इतके दिवस धरून ठेवलंतं,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला म्हणत होते सोडा, आणि टॉवेलाखाली मीच धरून बसलेते. आज श्वास राहू द्या. डोळे उघडे ठेवा आणि ह्याच्याकडं बघा. लाजू नका. मी पण बघते.”

“बघून काय करायचं वो बाई?” अनुसया आजींनी विचारलं.

“काय बी नाय आजी. बघायचं.”

मग सगळ्यांनी बघितलं. म्हस्के साहेब माइक घेऊन उभे होते, ते तसेच खाली बसले. हात कधी जोरात हले, कधी कमी. एकदा जवळजवळ थांबला आणि पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने तो बाईंचा हात आहे हे विसरायला झालं, वाऱ्यावर पान हलतं तसं ते नुसतं हलणं होतं. मी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. भाकरीच्या तुकड्याकडे बघायच्या तशा त्या बघत होत्या.

शेवटी त्यांनी पेन्सिल उचलली, उजव्याच हाताने, आणि घंटीपाशी नेली. टिंग झालं. आणि लगेच पुन्हा, आणि पुन्हा, टिंगटिंगटिंग, पेन्सिल थांबेना. सतरंजीवरचे डावे हात वर गेले, खाली आले, वर गेले. कोर्टातला एक क्लार्क बिचारा हवेत दांडी ढकलतच राहिला. कुणीतरी खुदकन हसलं. मग विहारभर हसू पसरलं, म्हस्के साहेबांचंही, आणि माइक अजून चालूच असल्यामुळे ते सगळ्यात मोठं ऐकू आलं. बाईंनी चष्मा काढून पदराने डोळे पुसले. “मंगल हो,” त्या म्हणाल्या, “उठा आता, नाष्टा हाय.”

स्पीकर खोक्यात राहिला.

त्याच आठवड्यात बाई मला घेऊन डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर तरुण होता. त्याने बाईंना चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली आणि मग मी इंग्रजीत बोलते हे कळल्यावर सगळं मलाच सांगितलं. बाई मध्येच त्याच्याकडे आणि मध्येच माझ्याकडे बघत होत्या.

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, “काय म्हणला?”

“जाणार नाही. गोळ्यांनी कमी होईल. हळूहळू वाढत जाईल.”

“कशानं झालं?”

“कशानेच नाही. होतं कुणाकुणाला.”

“म्हणजे ध्यानानं आलं नाय, आणि ध्यानानं जाणार बी नाय.”

“हो.”

बाईंनी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. “चला,” त्या म्हणाल्या, “तेवढं एक काम कमी झालं ध्यानामागचं.” आणि माझ्याकडे वळून, “तू बरी हायस. दुसरं कुणी असतं तर गोड करून सांगितलं असतं.”

मी परीक्षा पास झाले. सुपरवायझर माझ्या मागे उभा राहिला होता, मान गरम झाली होती, श्वास अडकला होता. बोटं चालत राहिली. पुढे जुन्या मशीनवरच्या परीक्षा खरंच बंद झाल्या. क्लासही बंद झाला आणि टाइपरायटरं शकीलभाई हातगाडीवर घालून घेऊन गेले. मला फुलंब्रीला एका कार्यालयात नोकरी लागली. रोज एसटीने जाणं-येणं सुरू झालं. रविवारी घरची कामं निघू लागली आणि विहारात जाणं आधी कमी झालं, मग राहिलं. बाई अजून पुढेच बसतात एवढं कानावर येई.

शेवटचं मी त्यांना हर्सूलच्या थांब्यावर पाहिलं. सकाळची वेळ होती, बस भरलेली होती आणि मी खिडकीशी होते. थांब्याच्या बाकावर बाई बसल्या होत्या, कुठल्या तरी दुसऱ्या गाडीची वाट बघत. पांढरे बूट होते. त्या बारीक झाल्या होत्या आणि मान जरा पुढे आली होती. उजवा हात गुडघ्यावर उघडा ठेवलेला होता आणि तो आता खूपच हलत होता. टॉवेल नव्हता, पदरही ओढलेला नव्हता. शेजारच्या बाईच्या कडेवरचं मूल त्या हाताकडे टक लावून बघत होतं आणि तो पकडायला आपला हात पुढे करत होतं. त्याची आई त्याला मागे ओढत होती.

“बघू द्या त्याला,” बाई म्हणाल्याचं खिडकीतून ऐकू आलं. आवाज तेवढाच मोठा होता.

मी हाक मारणार होते. मला हाक मारायला वेळ लागतो. तेवढ्यात कंडक्टरने दोरी ओढली. टिंग टिंग.

बाकावर बाईंचा डावा हात अलगद उठला, हवेत थोडा बाजूला सरकला आणि परत गुडघ्यावर येऊन टेकला. त्यांनी बसकडे पाहिलं नाही, हाताकडे पाहिलं. बस निघाली तेव्हा माझाही डावा हात वर होता. शेजारच्या माणसाने विचारलं, “कुणी ओळखीचं हाय का?”

मी हो म्हटलं.